परतावा कोण देतो? : संख्यात्मक गुंतवणूक व्यवस्थापनातील अर्थशास्त्रज्ञ

लोकांनी सोपवलेला पैसा कोणत्या समभागांत, रोख्यांत वा चलनांत आणि किती प्रमाणात गुंतवायचा, हा निर्णय एखाद्या अनुभवी व्यवस्थापकाच्या मतावर न सोडता आधी लिहून ठेवलेल्या, जुन्या आकडेवारीवर पारखलेल्या आणि संगणकाकडून राबवल्या जाणाऱ्या नियमांनी घेण्याच्या पद्धतीला संख्यात्मक गुंतवणूक व्यवस्थापन म्हणतात. मुंबईच्या बाजारात तिचा उल्लेख सरसकट ‘क्वांट’ असाच होतो. या व्यवसायाची जनमानसातील प्रतिमा गणितज्ञांची आणि भौतिकशास्त्रज्ञांची आहे, व तिला आधारही आहे. जेम्स सायमन्स या गणितज्ञाने १९८२ साली स्थापन केलेल्या रेनेसान्स टेक्नॉलॉजीज या संस्थेने वॉल स्ट्रीटवर मुरलेल्या माणसांना दूर ठेवून संकेतलिपीचे आणि संगणकीय वाणी-ओळखीचे जाणकार जवळ केले, आणि तिच्या मेडॅलियन या निधीची बरोबरी आजवर कोणाला फारशी साधलेली नाही. तरीही हा व्यवसाय ज्या संकल्पनांवर उभा आहे त्यांतील बहुतेक अर्थशास्त्रज्ञांनी घडवल्या, आणि म्हणूनच अर्थशास्त्रात उच्च शिक्षण घेतलेल्या व्यक्तीला येथे नेमके कोणते काम असते, ते इतरांना का जमत नाही आणि भारतात त्याला कितपत वाव आहे, हे प्रश्न तपासण्याजोगे ठरतात.

प्रथम एक भेद करायला हवा. स्वतःच्या भांडवलावर सेकंदाच्या अंशात खरेदी-विक्री करणाऱ्या पेढ्या आणि इतरांचा पैसा महिनोन्महिने, वर्षानुवर्षे सांभाळणारे निवृत्तिवेतन निधी, म्युच्युअल फंड वा हेज फंड हे दोन निराळे धंदे आहेत. पहिल्यात संगणकाचा वेग आणि सांख्यिकी यांचे राज्य असून तेथे अर्थशास्त्राच्या पदवीला वेगळे मोल फारसे नसते. दुसऱ्यात मात्र एखादा नियम पुढील दहा वर्षे टिकेल की नाही, हे ठरवावे लागते, आणि ते ठरवण्यासाठी किमती अशा का वागतात याचे काही तरी उत्तर हाताशी असावे लागते. पुढील विवेचन या दुसऱ्या धंद्यापुरते आहे.

अर्थशास्त्र आणि गुंतवणूक यांचे नाते जुने आहे, आणि त्याची सुरुवात अविश्वासातून झाली, ही गोष्ट लक्षणीय आहे. आल्फ्रेड कौल्स हा अमेरिकेत गुंतवणूकविषयक सल्ला देणारा गृहस्थ १९२९च्या कोसळणीने अस्वस्थ झाला, त्याने १९३२ साली कौल्स आयोग स्थापन केला आणि ‘इकॉनॉमेट्रिका’ या नियतकालिकाला पैसा पुरवला. त्याच नियतकालिकाच्या पहिल्या वर्षी, १९३३ मध्ये, त्याने १६ वित्तीय सेवांच्या समभाग-शिफारशी तपासून पाहिल्या आणि बाजाराचे भाकीत या मंडळींना करता येते काय, याचे उत्तर संशयास्पद असल्याचे नोंदवले. आर्थिक सिद्धान्त आणि सांख्यिकी यांची सांगड घालणारे अर्थमिती हे शास्त्र आज विद्यापीठांतून शिकवले जाते. त्याच्या जडणघडणीला सल्लागारांच्या दाव्यांची झडती घेण्याची ही गरजही कारणीभूत होती.

कौल्स आयोग पुढे शिकागो विद्यापीठात असताना हॅरी मार्कोविट्झ तेथे विद्यार्थी होता. एकेका समभागाची जोखीम स्वतंत्रपणे मोजण्यापेक्षा सगळ्या समभागांच्या चढउतारांचा एकमेकांशी असलेला संबंध मोजावा आणि त्यावरून गुंतवणुकीची वाटणी ठरवावी, हा त्याचा १९५२ सालचा विचार आज प्रत्येक निधीच्या संगणकात बसलेला आहे. मात्र त्याच्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत मिल्टन फ्रीडमनने हे अर्थशास्त्रच नव्हे असा आक्षेप घेतल्याचे मार्कोविट्झनेच पुढे सांगितले. याच प्रबंधाच्या कर्त्याला १९९० साली विल्यम शार्प आणि मर्टन मिलर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. शार्पने १९६४ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार समभागाचा अपेक्षित परतावा त्याच्या एकूण चढउतारावर अवलंबून नसून तो संपूर्ण बाजाराबरोबर किती हलतो, यावर अवलंबून असतो. १९६० साली शिकागोत सुरू झालेल्या संशोधन केंद्राने १९२६ पासूनच्या अमेरिकी समभागांच्या किमती संगणकावर आणल्या, आणि सिद्धान्त तपासण्याची सोय झाली. वेल्स फार्गो बँकेने १९७१ मध्ये एका निवृत्तिवेतन निधीसाठी निर्देशांकानुसार चालणारा पहिला निधी उभारला तेव्हा सल्लागारांमध्ये प्राध्यापकच होते. १९८१ साली निघालेल्या डायमेन्शनल फंड अ‍ॅडव्हायझर्सने युजीन फामा यांचे संशोधन थेट व्यवहारात आणले. आणि १९९८ साली स्थापन झालेल्या एक्यूआर या संस्थेचा संस्थापक क्लिफ अ‍ॅस्नेस हा फामांचाच विद्यार्थी. मुळात कोलंबिया विद्यापीठात शिकवणाऱ्या अँड्र्यू अँग यांचा प्रवासही याच वाटेचा आहे. नॉर्वेच्या सरकारी निधीसाठी २००९ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांसह लिहिलेल्या अहवालात, व्यवस्थापकांच्या कौशल्याच्या नावावर जमा झालेल्या परताव्याचा मोठा भाग काही सर्वज्ञात घटकांनीच समजावता येतो असे दाखवले गेले, आणि २०१५ मध्ये ते ब्लॅकरॉक या गुंतवणूक संस्थेत याच घटकांवरील गुंतवणुकीचे प्रमुख झाले.

येथे ‘घटक’ या शब्दाचा अर्थ सांगायला हवा, कारण अर्थशास्त्रज्ञाचे खरे काम त्याच्याभोवतीच फिरते. पुस्तकी मूल्याच्या तुलनेत स्वस्त असलेले समभाग, लहान कंपन्या, गेल्या वर्षभरात चढत राहिलेले समभाग, अशा समान गुणधर्माच्या गटांना दीर्घकाळ सरासरीपेक्षा अधिक परतावा मिळाल्याचे आढळते, आणि त्या गुणधर्माला घटक म्हणतात. फामा आणि केनेथ फ्रेंच यांनी १९९२-९३ मध्ये पहिल्या दोहोंची, तर नरसिंहन जेगदीश आणि शेरिडन टिटमन यांनी १९९३ मध्ये तिसऱ्याची, म्हणजे गतीची, मांडणी केली. असा गुणधर्म आकडेवारीत शोधून काढणे हे आता कोणत्याही हुशार अभियंत्याचे दुपारभराचे काम झाले आहे. त्या आकड्यामागे कोण उभे आहे, हे विचारणे मात्र तितके सोपे नाही. जादा परतावा मिळतो त्याअर्थी तो कोणी तरी देत असतो. मंदीत स्वस्त कंपन्या आधी बुडतात म्हणून ती भीती सोसण्याचा तो मोबदला असेल, तर तो जगजाहीर झाल्यावरही टिकेल. गुंतवणूकदार झगमगत्या कंपन्यांना अवाजवी भाव देतात या चुकीतून तो उपजत असेल, तर चूक उमजताच तो आटेल. एखाद्या नियमामुळे विमा कंपन्यांना वा निधींना ठरावीक वेळी विक्री करावी लागते म्हणून तो मिळत असेल, तर नियम बदलल्याच्या दिवशी तो संपेल. आणि यांतले काहीच नसेल, तर तो निव्वळ योगायोग होय. चारही बाबतींत जुना आलेख हुबेहूब सारखा दिसू शकतो, भविष्य मात्र चार प्रकारचे असते. म्हणून आलेखात नसलेले हे उत्तर मिळवण्यासाठीच अर्थशास्त्रज्ञाला वेतन दिले जाते.

योगायोगाची शक्यता वाटते त्याहून मोठी आहे. कॅम्पबेल हार्वी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ३१६ घटकांची नोंद घेतली, आणि इतक्या जणांनी एकाच आकडेवारीत इतका शोध घेतल्यावर सांख्यिकीची नेहमीची कसोटी पुरेशी राहत नाही, असे दाखवले. त्यांच्या मते या कसोटीतील ‘टी’ या मापाची मर्यादा २ ऐवजी किमान ३ धरायला हवी. त्याच वर्षी डेव्हिड मॅक्लीन आणि जेफ्री पाँटिफ यांनी ९७ गुणधर्म तपासून, मूळ अभ्यासाच्या कालखंडाबाहेर त्यांचा परतावा २६ टक्क्यांनी आणि निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर ५८ टक्क्यांनी कमी झाल्याचे नोंदवले. म्हणजे काही भाग मुळात नव्हताच आणि काही इतरांनी वाचून लुटला. हे ज्ञान असलेला संशोधक संस्थेत बहुधा लोकप्रिय नसतो, कारण सहकाऱ्याने सहा महिने खपून आणलेल्या शोधात कुठे पाणी मुरते आहे हे सांगणे, हा त्याच्या कामाचा मोठा हिस्सा असतो.

संशोधनाखेरीज दुसरे दालन जोखमीच्या प्रतिमानांचे आहे. त्याचा पाया बर्कले येथील अर्थशास्त्राचे प्राध्यापक बार रोझेनबर्ग यांनी घातला. त्यांनी १९७५ साली काढलेल्या बारा या कंपनीची प्रतिमाने जगभरचे निधी वापरू लागले. याच रोझेनबर्ग यांची पुढची संस्था या व्यवसायातील एक कडू धडाही देऊन गेली. तिच्या संगणकीय आज्ञावलीत २००७ साली एक चूक शिरली : जोखमीचे काही आकडे दशांशात तर काही टक्केवारीत होते, आणि त्यांना एका मापावर न आणल्यामुळे सामायिक जोखमींना द्यायचे ते वजन मिळेनासे झाले. चूक २००९ मध्ये ध्यानात आल्यावरही ती ग्राहकांपासून काही काळ लपवण्यात आली. अमेरिकी नियामकाने २०११ मध्ये संबंधित संस्थांकडून २४.२ कोटी डॉलर वसूल केले आणि रोझेनबर्ग यांना आयुष्यभरासाठी रोखे व्यवसायातून बाद केले. उत्तम सिद्धान्त जाणणाऱ्याला आज्ञावलीही ओळीओळीने वाचता यायला हवी, हे यातून दिसतेच, पण चूक कबूल करण्याची संस्थेची रीत कशी आहे, हे नोकरी स्वीकारताना पाहावे, हेही दिसते.

जोखमीच्या बाबतीत अर्थशास्त्रज्ञांची दुसरी फजिती अधिक प्रसिद्ध आहे. मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांना १९९७ साली नोबेल मिळाले, आणि त्यांचा सहभाग असलेला लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा निधी रशियाने कर्ज बुडवल्यानंतर १९९८च्या सप्टेंबरात कोसळला. १४ वित्तसंस्थांनी सुमारे ३.६ अब्ज डॉलर घालून त्याची आवराआवर केली. २००७च्या ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात याचीच छोटी आवृत्ती घडली : अनेक निधींनी एकाच घटकांवर पैसा लावलेला असल्याने एकाने विक्री काढताच सगळ्यांचे समभाग एकदम पडले, आणि बाजाराचा निर्देशांक मात्र जवळपास स्थिर राहिला. बाजारातील धोका हवामानासारखा बाहेरून येतो असे धरणाऱ्याला या दोन घटना अपवाद वाटतात. इतर खेळाडू काय करतील हे विचारात घेण्याचे शिक्षण मिळालेल्या अर्थशास्त्रज्ञाला त्या अपेक्षित वाटायला हव्या होत्या, पण तसे झाले नाही, ही नोंदही येथेच करायला हवी.

खरेदी-विक्रीचा खर्च मोजणे हे तिसरे काम. मोठी खरेदी स्वतःच भाव वाढवते, आणि तो किती वाढेल याचा अभ्यास अल्बर्ट काइल यांच्या १९८५च्या निबंधापासून पद्धतशीर झाला. या कामात प्रतिष्ठा कमी, पण टिकाऊपणा अधिक. याउलट, अर्थशास्त्रज्ञाने विकासदर, महागाई वा व्याजदर यांचे भाकीत करून पैसा कमवावा ही लोकांची अपेक्षा सर्वांत कमी फळाला आली आहे. जॉन मेनार्ड केन्स यांनी केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा निधी सांभाळताना आरंभी व्यापारचक्राच्या अंदाजांवर भिस्त ठेवली, त्यात निराशा पदरी आली, आणि १९३०च्या दशकात मोजक्या कंपन्या निवडून दीर्घकाळ बाळगण्याकडे ते वळले. समष्टी अर्थशास्त्राचा जाणकार संख्यात्मक निधीत उपयोगी पडतो तो आकडेवारीचा पारखी म्हणून. भारताचा २०१३-१४चा विकासदर आधी ४.७ टक्के सांगितला गेला होता. जानेवारी २०१५ मध्ये आधारवर्ष बदलून नवी मालिका आली तेव्हा तोच ६.९ टक्के झाला. आज संगणकावर उतरवून घेतलेल्या तक्त्यात सुधारित आकडा असतो, आणि तो २०१४च्या निर्णयासाठी वापरणारा नियम त्या वेळी कोणालाही ठाऊक नसलेली माहिती वापरत असतो.

भविष्यातली माहिती नकळत भूतकाळात सांडण्याचा हा दोष कंपन्यांच्या हिशेबांतही होतो. भारतीय कंपनीचे वर्ष ३१ मार्चला संपते, पण वार्षिक निकाल जाहीर करायला तिला ६० दिवसांची, म्हणजे ३० मेपर्यंतची मुदत असते. तक्त्यात नफ्यासमोर ‘मार्च’ लिहिलेले पाहून १ एप्रिलला खरेदी दाखवणाऱ्या चाचणीला दोन महिन्यांची ज्योतिषविद्या फुकट मिळते, आणि तिचा परतावा डोळे दिपवणारा निघतो. बंद पडलेल्या वा बाजारातून वगळलेल्या कंपन्या तक्त्यात नसतील, तर बुडालेले सगळे समभाग आपोआप टळलेले दिसतात, तो आणखी एक दोष. पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांच्या काळापासून आकडा कोणी, कोठे आणि कशासाठी गोळा केला हे विचारण्याची जी पाहणीची परंपरा रुजली, तिचा उद्देश अगदी निराळा होता. तरी नेमकी तीच सवय आज या धंद्यात दुर्मीळ आणि म्हणून मोलाची ठरते.

भारतात या क्षेत्राचा विस्तार अजून बेताचा आहे. घरगुती म्युच्युअल फंडांत नियमांवर चालणाऱ्या योजना मोजक्या असून एकूण मालमत्तेतील त्यांचा वाटा लहान आहे. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने ऑगस्ट २०१५ पासून निर्देशांकावर आधारित निधींत पैसा घालायला सुरुवात केल्यानंतर निर्देशांक रचण्याच्या कामाला मात्र वजन आले, आणि राष्ट्रीय शेअर बाजाराच्या निर्देशांक कंपनीने गती, कमी चढउतार, मूल्य अशा घटकांवरचे निर्देशांक काढले आहेत. याखेरीज परदेशी संस्थांची केंद्रे आहेत : डी. ई. शॉची हैदराबादेत, एक्यूआरची बंगळूरुत, वर्ल्डक्वांटची मुंबईत. तेथे अनेकदा काम परदेशी बाजारांवरचे असते, आणि आकडेवारी स्वच्छ करण्यापासून संपूर्ण संशोधनापर्यंत त्याची प्रत संस्थेगणिक बदलते. उमेदवाराने पदनामापेक्षा ही प्रत आधी विचारावी.

पाश्चात्त्य निबंधांतील नियम भारतात जसेच्या तसे चालत नाहीत, आणि येथे स्थानिक अर्थशास्त्रज्ञाला खरा वाव आहे. त्या निबंधांत बहुधा चांगले समभाग घेणे आणि वाईट समभाग उसने आणून विकणे असे दोन्ही गृहीत असते. भारतात समभाग उसने घेण्याची सोय २००८ पासून असली तरी तिचा वापर तुरळक आहे, आणि वायदे दोनशेच्या आसपास कंपन्यांपुरतेच मिळतात. प्रत्यक्ष ताबा घेऊन केलेल्या समभाग-व्यवहारात दोन्ही बाजूंना ०.१ टक्का रोखे व्यवहार कर पडतो, त्यामुळे दरमहा उलाढाल करणारा नियम कागदावरचा नफा वाटेतच गमावतो. शिवाय म्युच्युअल फंडाने आतल्या आत केलेल्या विक्रीवर गुंतवणूकदाराला लगेच कर भरावा लागत नाही, तर किमान ५० लाख रुपयांच्या पोर्टफोलिओ सेवेत प्रत्येक विक्री त्याच्या नावावर होते आणि वर्षाच्या आतल्या नफ्यावर जुलै २०२४ पासून २० टक्के कर लागतो. एकच नियम दोन वेष्टनांत दोन निराळे परतावे देतो.

सर्वांत मोठी अडचण काळाची आहे. राष्ट्रीय शेअर बाजारात समभागांचे व्यवहार नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झाले, तेव्हा विश्वासार्ह किमतींचा इतिहास सुमारे ३० वर्षांचा आहे. एखाद्या नियमाचे शार्प गुणोत्तर, म्हणजे वार्षिक जादा परताव्याला त्याच्या वार्षिक चढउताराने भागून येणारा आकडा, ०.५ आहे असे समजावे. त्याला वर्षांच्या संख्येच्या वर्गमुळाने गुणले की ‘टी’चे माप मिळते. ३०चे वर्गमूळ ५.४८, म्हणून माप येते २.७४. हार्वी यांची ३ची कसोटी ओलांडायला ३६ वर्षे लागतील, आणि ०.५ हे गुणोत्तर या धंद्यात वाईट मानले जात नाही. अमेरिकेतील शंभर वर्षांच्या किमतींवर तोच नियम ५ हे माप गाठतो. अर्थात भारतापुरता केवळ आकड्यांनी निर्णय होऊच शकत नाही. सिद्धान्ताचा, इतर देशांच्या अनुभवाचा आणि संस्थात्मक माहितीचा आधार घ्यावाच लागतो. अहमदाबादच्या आयआयएमचे जयंत वर्मा, जोशी जेकब आणि शोभेश अगरवाला यांनी भारतीय घटकांची आकडेवारी सर्वांना खुली केल्यामुळे आणि सीएमआयई या संस्थेच्या ‘प्रोवेस’ या कंपनी-संचयामुळे हे काम विद्यार्थ्यालाही करता येते, आणि नोकरीच्या अर्जासोबत जोडण्यासाठी त्याहून चांगला नमुना नाही.

तयारीच्या बाबतीत पदवीचा प्रश्न अवास्तव मोठा केला जातो. अमेरिकेत मुख्य संशोधकाच्या जागांसाठी पीएच.डी. हा जवळपास संकेत आहे, तर भारतात चांगली अर्थमिती आणि पायथनमध्ये स्वच्छ आज्ञावली लिहिता येणारा एम.ए. झालेला उमेदवारही आत शिरतो. महाराष्ट्रातील बहुतेक एम.ए. अभ्यासक्रमांची उणीव सिद्धान्तात नसून अस्ताव्यस्त आकडेवारी स्वतः हाताळण्याच्या सरावात आहे. यंत्रशिक्षणाने अर्थशास्त्रज्ञ कालबाह्य होतील ही भीतीही तपासून घ्यावी लागते. शिहाओ गू, ब्रायन केली आणि दाचेंग शिऊ यांच्या २०२०च्या निबंधाने अशा पद्धती साध्या समीकरणांपेक्षा सरस ठरतात हे दाखवले; पण चित्र ओळखणाऱ्या यंत्राला कोट्यवधी नमुने मिळतात आणि मांजर आपले रूप बदलत नाही, तर बाजारात नमुने थोडे, गोंगाट अफाट, आणि नियम सापडला की तो मोडणारे लोक हजर असतात.

वेतनाचा मोठा भाग वार्षिक बोनसच्या रूपाने आणि निधीच्या कामगिरीवर अवलंबून असतो, त्यामुळे अस्थैर्य गृहीत धरावे लागते. २०१८ नंतरच्या दोन-तीन वर्षांत स्वस्त समभागांचा घटक सलग मागे पडला तेव्हा एक्यूआरसारख्या नामांकित संस्थेची मालमत्ताही पुढे निम्म्याहून खाली आली. प्राध्यापकाला आपला शोध छापता येतो, निधीतील संशोधकाला तो बहुधा दडवावा लागतो, आणि दहा वर्षांनी नोकरी बदलताना दाखवायला त्याच्याकडे प्रसिद्ध झालेले काम उरत नाही. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे न जाण्याची अट पाश्चात्त्य करारांत सर्रास असते. १८७२च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ अशा बंधनाला सामान्यतः निरर्थक ठरवते, म्हणून येथील संस्था लांब पूर्वसूचनेचा काळ घालतात आणि त्या काळात माणसाला पगार देऊन घरी बसवतात.

भारतात अजून जवळपास मोकळे असलेले दालन रोख्यांचे आहे. कंपन्यांचे कर्जरोखे येथे बहुतांशी मोजक्या संस्थांना खाजगीरीत्या विकले जातात आणि नंतर अनेक दिवस त्यांचा व्यवहार होत नाही, तरीही म्युच्युअल फंडाला रोज मूल्य जाहीर करावे लागते. त्यासाठी मूल्यांकन संस्थांनी ठरवलेल्या किमती वापरल्या जातात. त्यामुळे तक्त्यातील आकडा ही बहुतेक दिवशी कोणी दिलेली किंमत नसते, तो एक अंदाज असतो, आणि त्यावर मोजलेला चढउतार खऱ्यापेक्षा कमी भरतो. समभागांसाठी घडवलेली यंत्रे या आकडेवारीवर चालवली तर कर्जरोखे सुरक्षित असल्याचा निष्कर्ष ती खात्रीने देतील. प्रत्यक्षात सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या वित्तसंस्थेची देणी थकली तेव्हा सर्वोच्च पतदर्जाच्या कागदाची किंमत काही दिवसांत पार खाली आली, आणि त्याआधीच्या तक्त्यांत तिची चाहूल नव्हती. कोणत्या कर्जदाराच्या मागे कोणाची हमी आहे, कोणता निधी कोणता कागद कधी विकायला भाग पडेल आणि छापलेल्या किमतींपैकी किती खऱ्या व्यवहारांच्या आहेत, हे एकत्र मांडणारे प्रतिमान ज्याला बांधता येईल, असा माणूस मुंबईतील निधींना आज सहजासहजी मिळत नाही.